मोरी तुंबली, किती पडतील?

नरकचतुर्दशीच्या पहाटे तंजावरात जो भेटेल तो ‘गंगा स्नानम आच्चा?’ असं विचारतो. म्हणजे अभ्यंगस्नान उरकलं का? त्या वर्षी आमचं उरकलं होतं, पण सगळी गंगा न्हाणीघरातच घोट्यापर्यंत उभी होती. वर तिळाच्या तेलाचा तवंग, तळाशी शिकेकाई आणि उटण्याचा गाळ, बाहेर तमिळ ऐप्पसी महिन्याचा मुसळधार पाऊस. सणाचा दिवस, प्लंबर मिळेना. दुपारी एक जण कसाबसा आला. त्याने ॲसिडच्या तीन बाटल्या ओतल्या, कुठलंसं यंत्र दहा मिनिटं फिरवलं आणि २,८०० रुपये घेतले. ‘सगळी लाइन बदलावी लागेल, अठरा हजारांत करून देतो,’ असं वर सांगून गेला. तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा उभं.

मग आमच्या घरमालकीणबाईंनी आपल्या नेहमीच्या माणसाला बोलावलं. बाई तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या, पण इथल्या रीतीने आम्ही त्यांना मामी म्हणतो. त्यांचा माणूस साठीचा, सगळा रस्ता त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांनी एक बादली आणि बॅटरी मागितली. जाळी उचलली, आतली वाटी काढली, हात आत घातला आणि मुठीएवढा गोळा बाहेर काढून लादीवर ठेवला. केस, शिकेकाई, साबणाची झिजलेली चकती, शांपूच्या पुडीचा फाडलेला कोपरा. ‘मुडी,’ एवढंच म्हणाले. तमिळमध्ये मुडी म्हणजे केस. वीस मिनिटं लागली आणि ३५० रुपये.

‘मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा’ ही म्हण आपण दुसऱ्याच्या कंजूषपणावर वापरतो. मला ती त्या दिवशी स्वतःवर वापरावी लागली. चाळीस रुपयांची बारीक जाळी घ्यायला सहा महिने चालढकल केली आणि २,८०० रुपये एका अनोळखी माणसाच्या हातावर ठेवले. पुढचं सगळं त्या फरकाबद्दल आहे.

एक गंमत आधी सांगते. जमिनीवरचं पाणी ज्या भांड्यातून नळीत जातं, त्याला तंजावरातले तमिळ प्लंबरही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीचाच हा शब्द. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आणि हार्डवेअरच्या दुकानांच्या बिलांवर तो देशभर फिरतो. भोसल्यांचं राज्य इथे १६७६ पासून १८५५ पर्यंत होतं, पण या शब्दाचा त्या राज्याशी काही संबंध असल्याचं दिसत नाही. तो आला तो बांधकामाच्या धंद्यातून. तरी दुकानात जाऊन ‘नहाणी ट्रॅपची जाळी द्या’ असं म्हटल्यावर समोरच्याला काही समजावून सांगावं लागत नाही, याचं मराठी माणसाला बरं वाटतं.

आधी जागा ओळखा

पैसे कुठे जातात ते अडथळा कुठे आहे यावर ठरतं. म्हणून फोन उचलण्याआधी पाच मिनिटं घरात फिरा.

फक्त न्हाणीघरातलं पाणी सावकाश उतरतंय, बेसिन आणि संडास ठीक आहेत, तर गोळा ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढच्या दोन-तीन फुटांत आहे. घरात बहुतेक वेळा हेच असतं आणि ते स्वतःला काढता येतं. बेसिन सोडल्यावर न्हाणीघरातल्या जाळीतून बुडबुडे किंवा पाणी वर येतंय, तर दोघांची सामाईक नळी भरली आहे. इथे नळीत फिरवायची स्प्रिंग लागते. संडासात पाणी सोडल्यावर न्हाणीघरात गुडगुड ऐकू येतं आणि तळमजल्यावरच्या जाळीतून घाण पाणी वर येतं, तर प्रश्न घराबाहेरच्या चेंबरचा, मलटाकीचा किंवा रस्त्यावरच्या गटाराचा आहे. घरात मोरी साफ करायच्या कितीही पुड्या ओतल्या तरी त्याचा उपयोग नाही.

चौथा प्रकार कावेरीच्या या सपाट प्रदेशात हमखास दिसतो. एरवी सगळं ठीक असतं आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी पावसात, तुंबतं. जमीन सपाट, उतार कमी, पाणी आधीच वरपर्यंत आलेलं. त्यात कुणी गच्चीवरच्या पावसाची नळी मैल्याच्या नळीत सोडलेली असते. अशा घरात पावसाळ्यात प्लंबर बोलावणं म्हणजे पैसे पाण्यात. गच्चीची नळी वेगळी करून घेणं हाच इलाज, आणि तो कोरड्या महिन्यांत करायचा.

परीक्षा सोपी आहे. एक भरलेली बादली जाळीवर एकदम ओता आणि घड्याळ बघा. अर्ध्या-पाऊण मिनिटात फरशी मोकळी झाली तर ठीक. दोन मिनिटं लागली तर गोळा तयार होतोय. पाच मिनिटं लागली तर आजच हात घाला, सणाची वाट बघू नका. आमच्याकडे गणपतीपासूनच पाणी रेंगाळत होतं. ‘बघू’ म्हणत दिवाळी आली.

इथे केसांचं एवढं का?

मोरी सगळ्यांचीच तुंबते, पण तंजावरच्या मोरीचा स्वभाव वेगळा. आठवड्यातून एकदा डोक्यावरून तिळाचं तेल घालून न्हाण्याची रीत अजून घराघरांत आहे, पुरुष शनिवारी, बायका शुक्रवारी. तेल काढायला शिकेकाईची भरड पूड. नळीत तेल सगळीकडे पातळ लागून बसतं, त्यावर पूड चिकटते, केस त्या लगद्याला दोरीसारखे बांधतात. सिमेंटमध्ये सळई असते तसंच. नुसते केस पाण्याने पुढे जातात, नुसती पूडही जाते, पण तिघं एकत्र आले की हलत नाहीत. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातला चुना साबणाशी मिळून पांढरी चिकट साय धरतो, ती वेगळीच.

मामी सांगतात, त्यांच्या लहानपणी न्हाणीघर मागच्या अंगणात, विहिरीजवळ होतं. पाणी उघड्या पन्हळीतून केळीच्या बुंध्याशी जायचं. तेल असो, शिकेकाई असो, केळी सगळं पोटात घालायच्या. तुंबलं तर डोळ्यांना दिसायचं आणि काठीने ढोसलं की झालं. आता न्हाणीघर आत आलं, नळी लादीखाली गेली आणि बाहेर ‘पाताळ साक्कडै’ आलं. जमिनीखालच्या गटाराला तमिळमध्ये हेच नाव आहे. दिसेनासं झालं, तिथून खर्च सुरू झाला.

म्हणून तेलाच्या न्हाणाच्या दिवशी दोनच गोष्टी करा. डोकं पुसण्याआधी कंगव्याने सुटे केस काढून कागदात गुंडाळा. आणि जाळीवर जुन्या मोज्याचा किंवा नायलॉनच्या गाळणीचा तुकडा बसवा, न्हाऊन झालं की उचलून झटका. शिकेकाईची पूड वस्त्रगाळ करून वापरली तर तिचा त्रास निम्मा होतो. मी हे मामींकडून शिकले.

हाताने होणारं काम

हातमोजे घाला, चाळीस-पन्नास रुपयांचे रबरी चालतात. जाळी स्क्रूची असेल तर स्क्रू काढा, नुसती बसवलेली असेल तर चमच्याच्या दांड्याने उचला. आत उपडी वाटी दिसेल. ती फिरवून काढा. याच वाटीमुळे ट्रॅपमध्ये सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहतं आणि गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. अनेक घरांत ही वाटी ‘पाणी अडवते’ म्हणून काढून फेकून दिलेली असते. मग पाणी झपाट्याने जातं खरं, पण रात्री झुरळांची वरात निघते आणि महिन्याला फवारणीचे पैसे जातात. वाटी धुवून परत बसवा.

कपडे वाळत घालायच्या तारेचा हँगर सरळ करून टोकाला आकडा करा आणि ट्रॅपच्या तळातून केस ओढा. प्लास्टिकची काटेरी पट्टी मिळते, साधारण साठ ते दीडशे रुपये, ती तारेपेक्षा बरी, नळीला ओरखडे काढत नाही. बहुतेक गोळे इथेच निघतात.

नाही निघाला, तर रबरी पंप घ्या. लाकडी दांड्याचा, दीडशे-दोनशे रुपयांचा. इथे मात्र मोरीला खरोखरच बोळा लागतो. न्हाणीघराला जोडलेलं बेसिन असेल, शेजारी दुसरी मोरी असेल, तर तिच्या तोंडात ओल्या फडक्याचा बोळा घट्ट कोंबा. बेसिनच्या वरच्या भोकालाही फडकं लावा. नाहीतर तुम्ही इकडे दाबाल आणि हवा तिकडून निघून जाईल. पंपाचा रबर बुडेल एवढं पाणी ठेवा, आतली हवा निघेल असा तिरका बसवा आणि पंधरा-वीस वेळा दाबा-ओढा. जोर दाबण्यात नको, ओढण्यात हवा. नवशिक्यांचं इथंच घोडं पेंड खातं.

त्यापुढे हाताने फिरवायची स्टीलची स्प्रिंग. पाच मीटरची तीनशे ते सहाशे रुपयांत येते. आत सरकवत जा, अडलं की मूठ फिरवा, जोराने ढकलू नका. बाहेर ओढताना फडक्यातून ओढा, नाहीतर अंगावर काय काय उडतं ते मी सांगत नाही.

या सगळ्या सामानाची बेरीज साताठशे ते हजारावर जात नाही आणि ते दहा वर्षं पुरतं. एका वाड्यात चार बिऱ्हाडं असतील तर वर्गणी काढा.

गरम पाण्याबद्दल एक शब्द. तेलासाठी ते उपयोगी आहे, पण उकळतं नको. आताच्या नळ्या पीव्हीसीच्या असतात आणि ते प्लास्टिक साधारण ७५-८० अंशांना मऊ पडतं. हाताला चटका बसेल पण फोड येणार नाही इतपत पाणी, त्यात भांडी घासायचं द्रव, बादलीभर, आठवड्यातून एकदा तेलाच्या न्हाणानंतर. एवढंच पुरे. खायचा सोडा आणि व्हिनेगरच्या फेसावर माझा विश्वास नाही. दोघं एकमेकांना मारतात, कर्ब वायूचे बुडबुडे उडतात, मागे मिठासारखं पाणी उरतं. केसाला त्याने काही होत नाही. बघायला छान दिसतं, तेवढंच.

पुडी आणि बाटली

किराणा दुकानात तीस-चाळीस रुपयांना पुडी मिळते, ती बहुतेक कॉस्टिक सोड्याची, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडची. काहींत ॲल्युमिनियमचे कण असतात, पाणी लागलं की ते तापतं आणि हायड्रोजन सुटतो. तेल आणि केस, दोघांवर हे खरंच काम करतं. महिन्याला एकदा, पुडीवर लिहिल्याप्रमाणे, मोरी वाहती असताना वापरली तर चांगलीच. पण पाणी पूर्ण उभं असताना पुडी ओतली तर सगळा सोडा वरच्या उभ्या पाण्यातच विरघळून राहतो, आणि उद्या अण्णांसारखा माणूस त्याच पाण्यात हात घालतो. पुडी ओतली असेल तर प्लंबर दारात आल्या आल्या सांगा. लपवू नका, त्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे.

बाटलीतल्या ॲसिडबद्दल माझं मत ठाम आहे: न्हाणीघरात नको. केसांवर त्याचा फारसा परिणाम नाही. सिमेंटचे सांधे, मोझॅक, संगमरवर मात्र ते खातं. इकडच्या जुन्या घरांतली लाल ऑक्साइडची गुळगुळीत जमीन एकदा पांढरी पडली की पूर्वीसारखी होत नाही. आमच्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी अजून तळहाताएवढा डाग आहे, त्या २,८०० रुपयांची पावती म्हणायची.

आणि एकावर एक काही ओतू नका. संडास साफ करायचं निळं द्रव हे हायड्रोक्लोरिक ॲसिडचं असतं. त्यावर ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो, दार बंद न्हाणीघरात तो छातीत जातो. सोड्यावर ॲसिड पडलं तर पाणी उसळून तोंडावर येतं. एक काम झालं नाही तर दुसरं ओतायचं, ही सवयच धोक्याची. कातडीला किंवा डोळ्याला लागलं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा आणि दवाखाना गाठा. लिंबू, व्हिनेगर असलं काही त्यावर लावू नका. मुलाने गिळलं असेल तर ओकारी काढायला लावू नका.

प्लंबर दारात, आता बोला

‘मोत्तमा एव्वळवु आगुम?’ एकूण किती होतील? हे तमिळ वाक्य तंजावरात नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी घराने पाठ करावं. यातला जोर ‘मोत्तमा’वर, म्हणजे एकूणवर. नुसतं ‘एव्वळवु’ विचारलं तर येण्याचे पैसे सांगतात आणि यंत्राचे, ॲसिडचे, मदतनिसाचे मागाहून निघतात.

आकडे सांगते ते ढोबळ धरा. मी आणि ओळखीच्या चार-पाच घरांनी गेल्या काही वर्षांत दिलेले पैसे, आणि पुण्यातल्या बहिणीकडून ऐकलेले. ट्रॅप उघडून हाताने किंवा हातस्प्रिंगने साफ करणं तंजावरात तीनशे ते पाचशे, पुण्यात पाचशे ते नऊशे. विजेवर फिरणारी लांब स्प्रिंग, म्हणजे सामाईक नळी किंवा चेंबरपर्यंतची, इथे हजार ते दोन हजार, तिकडे दीड ते तीन. लादी फोडून ट्रॅप बदलायचा झाला तर ट्रॅप स्वतः दोनशे-तीनशेचा, पण गवंडी, लादी, पाणीरोधक लेप आणि दोन दिवस न्हाणीघर बंद असं मिळून चार हजारांच्या खाली सुटत नाही. लादी जुळणारी मिळाली नाही तर त्याहून पुढे. मलटाकी उपसायची गाडी एका खेपेला दीड ते साडेतीन हजार, टाकीच्या आकारावर आणि गाडी किती लांबून येते त्यावर. सणाच्या दिवशी यांत शे-दोनशे वाढले तर कुरकुर करू नका, त्यालाही घरी अभ्यंगस्नान असतं.

पैसे ठरवताना चार गोष्टी बोलून घ्या. अडथळा निघाला नाही तर किती द्यायचे? पंधरा दिवसांत पुन्हा तुंबलं तर फुकट येणार का? लादी फोडायची वेळ आली तर आधी विचारणार ना? आणि जे निघेल ते दाखवणार ना? शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. जो माणूस बादलीत गोळा काढून दाखवतो त्याने काम केलं. नुसतं ‘आता जाईल’ म्हणणाऱ्याने गोळा दोन फूट पुढे ढकललेला असतो आणि तो तुमच्याच नळीत आहे.

‘सगळी लाइन बदला’ असं कुणी म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. बाहेरचं पहिलं चेंबर उघडायला सांगा. चेंबर कोरडं आणि न्हाणीघरात पाणी उभं, तर अडथळा मधल्या नळीत आहे, मोडकळीस आलेली लाइन नव्हे. चेंबर भरलेलं, तर घरातली नळी बदलून काय साधणार? नळी खरंच खचली असेल किंवा उतार उलटा असेल तर एकाच जागी दर महिन्याला तुंबेल. तेव्हा बदला, आणि नवी नळी घेताना तिच्यावर आयएस १३५९२ हा क्रमांक छापलेला बघा. सांडपाण्याच्या पीव्हीसी नळीचं भारतीय मानक ते. पिण्याच्या पाण्याच्या नळीचं मानक वेगळं असतं आणि दुकानदार जे शिल्लक असेल ते देतो. नळीला उतार साधारण चाळीस फुटांना एक फूट. गवंड्याला ही गोष्ट काम सुरू होण्याआधी सांगा, लादी बसल्यावर नव्हे.

बिल मागा. पावती न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या प्लंबरला जीएसटी नोंदणीची गरज नाही, म्हणून ‘बिल हवं तर अठरा टक्के ज्यादा’ हे ऐकलं तर त्याचा जीएसटी क्रमांक विचारा. क्रमांक नसेल तर कर नाही. साध्या कागदावर काम, तारीख, रक्कम आणि सही, एवढं पुरतं. फसवणूक वाटली तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी १९१५. जिल्हा ग्राहक आयोग तंजावरातही आहे, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. साडेतीनशे रुपयांसाठी तिथे जा असं मी म्हणणार नाही. पण अठरा हजारांची लाइन बदलून पुन्हा तुंबली तर जरूर जा.

मी माझ्या २,८०० रुपयांसाठी गेले नाही. पावतीच नव्हती.

भाडेकरूने द्यायचे की मालकाने?

या एका वाक्यावरून चांगल्या घरांतली बोलणी बंद झालेली मी पाहिली आहेत. तामिळनाडूचा घरमालक-भाडेकरू कायदा २०१७ चा, लागू झाला २२ फेब्रुवारी २०१९ ला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत वाटणी दिलेली आहे: मोरी साफ करणं, नळाचे वॉशर बदलणं, संडास-बेसिनची बारीक दुरुस्ती भाडेकरूकडे. नळ्या बदलणं, भिंती-छताची दुरुस्ती मालकाकडे. करारात वेगळं लिहिलं असेल तर ते धरायचं. महाराष्ट्रातल्या वाचकांना केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यातही हीच वाटणी सापडेल, पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक नाही.

म्हणजे केसांचा गोळा माझा, खचलेली नळी मामींची. आम्ही अण्णांचे ३५० रुपये दिले तेव्हा मामी अर्धे द्यायला निघाल्या होत्या. मी घेतले नाहीत. त्यांनी मग दुसऱ्या दिवशी डब्यात अधिरसम, म्हणजे इथले अनारसे, पाठवले, त्यामुळे हिशेब माझ्या बाजूने झुकला.

वाड्याच्या आवारातली नळी आणि चेंबर घराचं. रस्त्यावरचं मॅनहोल भरून तुमच्याकडे पाणी येत असेल तर काम महापालिकेचं, आणि त्यासाठी खासगी माणसाला पैसे द्यायचे नाहीत. तंजावर नगरपालिकेची महापालिका २०१४ मध्ये झाली. तक्रार देताना नोंदणी क्रमांक मागून घ्या, दोन शेजाऱ्यांच्या घरांतही पाणी येत असेल तर तिघांनी वेगवेगळी तक्रार द्या. एकाची तक्रार म्हणजे घरातली अडचण समजली जाते, तिघांची म्हणजे रस्त्यातली.

टाकीचं झाकण

जिथे पाताळ साक्कडै पोचलेलं नाही तिथे मलटाकी आहे आणि ती दोन-तीन वर्षांनी उपसायची असते. लोक दहा वर्षं उपसत नाहीत. ती भरली की पहिली खूण तळमजल्यावरच्या न्हाणीघरात दिसते, म्हणून हा विषय इथे.

उपसायला पंपाची गाडीच बोलवा, आणि तिच्याकडे पालिकेचा परवाना आहे का ते विचारा. परवाना नसलेली गाडी मैला रात्रीत कुठल्या तरी कालव्यात सोडते, आणि या जिल्ह्यात कालव्याचं पाणी पुढे भाताच्या खाचरात जातं. आपण तोच तांदूळ खातो.

गाडीपेक्षा स्वस्त म्हणून कुणी ‘माणूस उतरवतो, आठशेत काम होईल’ म्हणालं तर नाही म्हणा. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन असतो. पहिल्याचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. आतल्या माणसाला वाटतं, वास गेला. मग तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मलटाकीत उतरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यालाच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात उतरवणारा म्हणजे घरमालकही येतो, नुसता ठेकेदार नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात गटारातल्या मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली.

अण्णांना मी एकदा विचारलं होतं, तुम्ही कधी उतरला होता का? त्यांनी उत्तर दिलं नाही. पैसे मोजून घेतले, बादली धुवून दिली आणि जाळी नीट बसली का ते पायाने दाबून पाहिलं.

तुमच्या आवारात चेंबर किंवा टाकीचं झाकण उघडलं आणि कुणी आत पाय सोडताना दिसलं, तर काम तिथेच थांबवा, मजुरी पूर्ण द्या आणि गटार-मलटाकी सफाईच्या मदतवाहिनीला, १४४२० वर, फोन करा.